कांडरस्टेगला निघालास? छोटी सॅक अशी भर
स्वित्झर्लंडच्या स्काउट केंद्रावर पहिल्यांदाच चाललायस, म्हणजे घरचे सगळं कोंबायला लावणार. ऐकू नकोस. दिवसभरासाठी २० लिटरची सॅक पुरे.

तिथून चढून जातात तो ओशिनेन तलाव १,५७८ मीटरवर आहे, कांडरस्टेग गावातून जवळपास ४०० मीटर चढ. खाली ऊन आणि वर पाऊस, हे जुलैतही होतं. म्हणून रेनकोट आणि स्वेटर सगळ्यात वर ठेव. मी पहिल्या वेळी तळाशी ठेवले होते. काढेपर्यंत खाऊ चिखलात!

बाकी एवढंच:
- लिटरभर पाणी
- टोपी, सनस्क्रीन
- चिक्की (वाटली की मैत्री जमते)
- पासपोर्टची झेरॉक्स

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. बूट आतापासूनच वापरायला लाग. भरलेली सॅक घेऊन एकदा सिंहगड चढ. काय काढायचं ते खांदेच सांगतील.