सकाळच्या सात अंशांसाठी ऑइल बदलायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लातूरला सेसना १५२ हे छोटं विमान, इंजिनात डब्ल्यू १०० ऑइल. डिसेंबरात पहाटे पारा सात-आठवर असतो, ऑइल प्रेशरचा काटा चढायला वेळ लागतो. म्हणून पातळ डब्ल्यू ८० भरावं का, आणि इंजिन किती वेळ तापवावं?

तक्रार खरी आहे. डब्ल्यू १०० म्हणजे एसएई ५० (एसएई हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा), ते सेसनाच्या पुस्तिकेप्रमाणे १६ अंशांच्या वरचं. पण मी डब्ल्यू ८० भरणार नाही. ते एसएई ४०, उणे १ ते ३२ अंशांचं. आपली थंडी फक्त पहाटेची. परभणीकर सकाळी शेकोटी सोडत नाही आणि दुपारी त्याचंच स्वेटर कमरेला असतं. आज भरलेलं ऑइल बदलायचे तास भरेपर्यंत फेब्रुवारी सरला, की तेच पातळ ऑइल पस्तिशीच्या उन्हात चालवत बसाल. सरळ विमानाचं मल्टिग्रेड घ्या, १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५०. थंड असताना ते वाहतं आणि तापल्यावर ५० सारखं टिकतं. इंजिन नवं किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालेलं असेल तर मात्र थांबा. पहिले ५० तास किंवा ऑइल खाणं स्थिरावेपर्यंत डिस्पर्संट नसलेलं साधं मिनरल ऑइलच.

इथे एक घोळ नेहमी होतो. १५डब्ल्यू-५० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. डब्ल्यू १०० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा नव्हे, ते ॲशलेस डिस्पर्संट, म्हणजे राख न सोडणारं आणि मळ तरंगता ठेवणारं ऑइल आहे एवढंच तो सांगतो. याच घोळात एका पोराने गॅरेजच्या दुकानातून मोटारीचं २०डब्ल्यू-५० आणलं होतं. ‘नंबर तोच आहे ना सर!’ डबा उघडायच्या आत दिसला म्हणून बरं. मोटारीच्या ऑइलमधल्या धातूच्या ॲडिटिव्हची राख ज्वलनकक्षात साठते, ती लाल होते आणि स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं. (रोटॅक्स इंजिनवाल्यांनी अंगावर येऊ नये, त्यांचं गणित वेगळं आहे.)

आता तापवणं. हीटर लावून सुरू करण्याआधी इंजिन गरम करायची (प्रीहीट), या इंजिनाच्या कंपनीची म्हणजे लायकमिंगची अट साधारण उणे १२ अंशांखाली लागते, त्यामुळे आपल्याला तो खर्च नाही. रात्री विमान हँगरमध्ये ठेवा, तेवढं पुरे. पहाटे सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने चार-पाच वेळा फिरवला की थिजलेलं ऑइल सुटतं. मॅग्नेटो (स्पार्कसाठी वीज देणारं यंत्र) बंद, चावी खिशात, आणि तरीही इंजिन कधीही पेटेल असं समजूनच उभं राहा. मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असली तर चावीला काही अर्थ नसतो. प्राइमर (सुरू करताना इंजिनात थेट पेट्रोल सोडणारा हातपंप) वापरा, थ्रॉटल पंप करत बसू नका. जास्तीचं पेट्रोल कार्ब्युरेटरमधून खाली गळतं आणि आग तिथेच लागते.

सुरू झालं की हजार आरपीएम, नाक वाऱ्याकडे आणि डोळे प्रेशरवर. तीस सेकंदांत काटा हलला नाही तर बंद करा. कडाक्याच्या थंडीत पुस्तिका दुप्पट वेळ देते, पण आपले सात अंश त्यात मोजू नका. मग दोन ते पाच मिनिटं तसंच चालू द्या. ऑइल टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही तरी घाबरू नका. थ्रॉटल दोन-तीनदा हळूहळू उघडून बघा. इंजिन न अडखळता उचलत असेल आणि प्रेशर ६० ते ९० पीएसआयमध्ये स्थिर असेल तर निघा. धुक्याच्या सकाळी कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, तपासल्याशिवाय मात्र नाही. बाहेर पंधरा अंश असले तरी कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो.

तुम्ही लिहिलंय की उड्डाण नसेल त्या दिवशी ‘दहा मिनिटं चालवून ठेवतो’. ते आजपासून बंद करा, थंडीपेक्षा नुकसान त्याने जास्त होतं. जळणातून तयार होणारं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल ऐंशीच्या पुढे तापून काही काळ टिकल्याशिवाय उडून जात नाही. जमिनीवर ते तेवढं तापत नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. त्यावरचं ऑइल निथळलं की गंज तिथूनच धरतो.

मल्टिग्रेड भरल्यावर आठवडाभर काटा किती सेकंदांत चढतो ते लॉगजवळ लिहून ठेवा. तरीही वीस-पंचवीस सेकंद लागत असतील तर दोष ऑइलचा नाही. इंजिनिअरला गेजची लाइन आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बघायला सांगा.