आर्गव्ही हाताने कापू नको, बावा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावांची तुझी पायथन स्क्रिप्ट पाहिली. चालते, पण सिस डॉट आर्गव्हीमधले, म्हणजे कमांडसोबत दिलेल्या शब्दांच्या यादीतले, शब्द पहिला, दुसरा, तिसरा असे मोजून काहून घेऊन राहिलास? उद्या कोणी तारीख आधी अन् फाइल नंतर दिली की झालाच गोंधळ. आर्गपार्स वापर, हे शब्द नावांनिशी ओळखून देणारं पायथनचं मॉड्यूल. 2.7 आणि 3.2 पासून ते पायथनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. हेल्पचा मजकूर स्वतः तयार करतं, अन् चुकीचा पर्याय दिला तर वापराची ओळ दाखवून एक्झिट कोड 2 (म्हणजे चूक झाल्याची खूण) देऊन थांबतं.

माझी एक अख्खी दुपार जिथे गेली ते सांगतो. हो-नाहीच्या पर्यायाला टाइप म्हणून बूल (ट्रू-फॉल्सचा प्रकार) देऊ नको. कमांड लाइनवरून आलेलं 'फॉल्स' ही शेवटी स्ट्रिंगच, म्हणजे नुसती अक्षरं, अन् रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूलच्या लेखी ट्रू! अ‍ॅक्शनमध्ये स्टोअर-ट्रू लिही. पर्याय दिला तर ट्रू, नाही तर फॉल्स.

पर्यायाचं लांब नाव अर्धवट लिहिलं तरी आर्गपार्स ओळखून घेतं. सोयीचं वाटतं, पण पुढे तशाच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा पर्याय जोडलास की क्रॉनमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, जुन्या कमांड अडतात. अलाउ-अ‍ॅब्रेव्ह ही सेटिंग फॉल्स ठेव.

'मृग बहार'सारखं जागा असलेलं फाइलनाव अवतरणचिन्हांत दे. तिथे तोडतो तो शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्राम; आर्गपार्स बिचारं निर्दोष. नाव डॅशनेच सुरू होत असेल तर त्याआधी नुसते दोन डॅश टाक.