जळगावात जीएसटी-आयकराचं ऑफिस टाकलंय, फी कमी ठेवली तरी ग्राहक टिकत नाहीत. काय करू?

फी आणखी कमी करू नका. स्वस्तात मिळतंय म्हणून आलेला ग्राहक त्याहून स्वस्त मिळालं की जातो.

आधी एक धंदा धरा. 'सगळ्यांचे रिटर्न भरतो' म्हणणाऱ्याचं नाव कुणी पुढे सांगत नाही. जळगावात डाळ मिल आहेत, सराफ बाजार आहे, पाइप-चटईचे कारखाने आहेत. जामनेर-धरणगावकडे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याचे कारखाने) आहे. जिनिंग धरलंत तर शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या कापसावर 5 टक्के कर खरेदीदारानेच रिव्हर्स चार्जने भरायचा, तोही रोखीने, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे तेवढी रक्कम विक्रीवरच्या करातून वजा करायची, हे तोंडपाठ हवं. डाळ मिलमध्ये 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकवर 5 टक्के, त्याहून मोठ्या कट्ट्यावर काही नाही. करमाफ विक्री असली की त्या प्रमाणात सामाईक खर्चाचं क्रेडिट उलटवावं (परत करावं) लागतं आणि नेमकं हेच राहून जातं. मिलच्या मुनीमजींना हा हिशेब एका कागदावर मांडून दाखवा. शेठ सल्लागार बदलताना आधी त्यांनाच विचारतात.

टिकवण्याचं खरं काम 14 तारखेनंतर सुरू होतं. त्या दिवशी पोर्टलवर जीएसटीआर-2बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून मिळणाऱ्या क्रेडिटची यादी. खरेदीच्या वहीशी ताळा करून दुसऱ्याच दिवशी असा मेसेज जायला हवा: 'दादा, जुलैची 3 बिलं 2बी मध्ये नाहीत, 18,400 चं क्रेडिट अडकलंय. पुरवठादाराला आजच फोन करा, त्याने भरलं तर पुढच्या महिन्यात मिळेल. 20 तारखेआधी 62,300 भरायचे आहेत.' कर भरायला व्यापारी तयार असतो, पण 19 च्या रात्री आकडा कळला की पैशांची सोय करता येत नाही आणि तो राग तुमच्यावर निघतो. यासाठी बिलं 5 तारखेपर्यंत हातात यायला हवीत, हे काम घेतानाच ठरवा. रिटर्न भरायला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, कर बाकी असेल तर वर 18 टक्क्यांनी व्याज. हे कोण सोसणार तेही तेव्हाच बोलून घ्या.

दर सोमवारी प्रत्येकाचं पोर्टल उघडून नोटिसा बघा. 'ॲडिशनल नोटिसेस'चा भाग बघायचा राहतो, मुदत उलटते आणि एकतर्फी आदेश निघतो. असा ग्राहक परत येत नाही, आणि सगळ्या बाजारात सांगतो. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल ग्राहकाचाच टाका. स्वतःचा नंबर टाकून त्याला बांधून ठेवणं चूक आहे. विश्वास तिथेच तुटतो.

टॅक्स ऑडिट (आयकरासाठीची हिशेबतपासणी) लागणाऱ्या ग्राहकाला ते सीएकडूनच करून घ्यावं लागेल, हे आधीच सांगा आणि भरवशाचा सीए जोडून द्या.

फी महिन्याची ठेवा. दिवाळीनंतर एकदम घेऊ म्हटलं की घासाघीस होते. मासिक रिटर्न फीमध्ये धरले आहेत, जीएसटीआर-9 (वार्षिक रिटर्न) आणि नोटिशीचं उत्तर वेगळं, असं एका पानावर लिहून सही घ्या. वाढ करायची तर मार्चमध्ये कळवा आणि सोबत वर्षभरात केलेल्या कामाची यादी द्या.