लिनक्सवर सीटी-एमआरआय: वाचकांचे प्रश्न

आईच्या एमआरआयची सीडी मिळाली. माझ्याकडे उबुंटू आहे. सीडीतला प्रोग्रॅम चालत नाही, फायलींना एक्स्टेन्शनही नाही. सीडी खराब आहे का? – शिक्षक, सांगली

बहुधा नाही. तो प्रोग्रॅम विंडोजसाठी असतो. वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन, त्यातून तो चालवायच्या खटपटीत पडू नका. खरा ऐवज आहे त्या बिनएक्स्टेन्शनच्या डायकॉम फायलींत; डायकॉम म्हणजे वैद्यकीय चित्रांचा ठरलेला साचा. सगळ्यात आधी अख्खी सीडी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. सीडीवर ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी डॉक्टर जुनी चित्रं हमखास मागतात. मग टर्मिनलमध्ये त्यातल्या एका फायलीवर 'फाइल' ही कमांड चालवा. उत्तरात 'डायकॉम' दिसलं की चिंता नाही.

पाहण्यासाठी वेसिस घ्या, ते मोफत आहे. त्याचं डेब पॅकेज उतरवा आणि 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल'नंतर फायलीच्या नावाआधी टिंब व तिरपी रेघ द्या. ती राहिली तर ॲप्ट ते नाव उबुंटूच्या भांडारात शोधतो आणि 'सापडलं नाही' म्हणतो. वेसिसमध्ये 'डायकॉमडिर' नावाची फाइल उघडली की सगळ्या मालिका एकदम येतात. चित्रं जरूर पाहा, पण निदान रेडिओलॉजिस्टकडूनच घ्या. पांढरा ठिपका दिसला म्हणून आईला घाबरवू नका.

छातीच्या सीटीत फुप्फुसं नुसती काळी दिसतात. – विद्यार्थिनी, लातूर

विंडो बदला, म्हणजे मोजपट्टीवरचा कोणता पट्टा काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा ते बदला. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी 0 आणि हवा उणे 1000. फुप्फुसासाठी रुंदी 1500 आणि मध्य उणे 600 ठेवून पाहा, बारीक रक्तवाहिन्याही उमटतील.

स्कॅनची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या थ्रीडी स्लायसरवर डबल-क्लिक केलं तरी काहीच होत नाही. – फिजिओथेरपिस्ट, नाशिक

डबल-क्लिकने चूक कळत नाही. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून तिथून स्लायसर सुरू करा. 'क्यूटी', 'एक्ससीबी' असे शब्द दिसले तर एक्ससीबी-झिनेरामा ही लायब्ररी ॲप्टने पुन्हा बसवा. ध्वनीची पल्स आणि चित्रांची जीएलयू लायब्ररीही बघून घ्या. सुडो लावून स्लायसर चालवू नका, त्याने फायलींची मालकी रूटकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी नवीच डोकेदुखी सुरू होते. स्लायसर संशोधनासाठी आहे, रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्यावर टाकू नका.

आमच्या छोट्या रुग्णालयात डेबियन लिनक्सवर ऑर्थांक हा डायकॉम चित्रं साठवणारा सर्व्हर बसवला. ब्राउझरमध्ये उघडतो, पण सीटी मशीनकडून एकही चित्र येत नाही. – तंत्रज्ञ, कोल्हापूर

ऑर्थांक बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयातून आला. लहान ठिकाणांसाठी मला तो फार मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो. मशीन बसवणारा इंजिनियर सवयीने पोर्ट 104 भरतो, ऑर्थांक मात्र 4242 वर ऐकतो. लिनक्समध्ये 1024 च्या खालचे पोर्ट सामान्य प्रोग्रॅमला सहसा मिळत नाहीत, त्यामुळे 104 चा हट्ट सोडून मशीनवरच 4242 भरा. मग शेजारच्या संगणकावर डीसीएमटीके हा डायकॉमच्या कमांडचा संच बसवून त्यातल्या 'एको-एससीयू'ने सर्व्हरला हाक मारा. उत्तर आलं तर मशीनमधला पत्ता तपासा. नाही आलं तर फायरवॉल बघा.

तुमचा ब्राउझर सर्व्हरवरच उघडतोय ना? इतर संगणकांना ब्राउझरच्या 8042 या पोर्टवरून आत यायला कॉन्फिगरेशनमध्ये परवानगी द्यावी लागते. ती देताना युजर आणि पासवर्डही ठेवा. हे पोर्ट रुग्णालयाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच असू द्या, इंटरनेटवर उघडं टाकू नका. त्यावर माणसांची नावं आणि आजार आहेत.

डिस्कचाही हिशेब करा. एक सीटी स्लाइस साधारण अर्धा एमबी, म्हणजे 400 स्लाइसची तपासणी 200 एमबी. दिवसाला अशा 20 झाल्या तर 500 जीबीची डिस्क चार महिन्यांत भरेल. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

शिकवण्यासाठी सोनोग्राफीची चित्रं वापरायची आहेत. 'डीसीएमॉडिफाय'ने नाव पुसलं, पुरेसं आहे का? – प्राध्यापिका, पणजी

नाही. जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, तपासणीची तारीख हेही टॅगमध्ये, म्हणजे फायलीत चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, असतं. 'डीसीएमडम्प'ने ते ओळीने वाचा. 'डीसीएमॉडिफाय' मात्र मूळ फायलीची 'बॅक' एक्स्टेन्शनची प्रत शेजारीच ठेवते, आणि तिच्यात नाव जसंच्या तसं असतं. शिवाय सोनोग्राफीत नाव बऱ्याचदा चित्रावरच, वरच्या पट्टीत छापलेलं असतं. टॅग पुसून ते जात नाही, ती पट्टी कापावीच लागते. प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घातल्याशिवाय वर्गात नेऊ नका.