आजोबांची जखम आणि नातवाची नोकरी

पत्र : मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. मुलगा २० वर्षांचा, बारावी कला शाखेतून ५२ टक्क्यांनी पास. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा चौदा महिने त्यानंच सगळं केलं. अंघोळ, जेवण, शी-शू, सगळं. शेवटी वडिलांच्या माकडहाडापाशी मोठी जखम झाली. पावडर लावून चोळलं, खाली टायरची ट्यूब ठेवली, पण जखम वाढतच गेली आणि ते गेले. ‘माझ्यामुळंच झालं’ असं मुलगा अजून म्हणतो. औषधांच्या वेळा लिहिलेली वही उशाखाली घेऊन झोपतो. आता घरोघरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या पुण्यातल्या एका ब्युरोतून फोन आलाय. कोर्सबिर्स काही नको, लगेच ये, २४ तासांची ड्युटी, राहणं-जेवण पेशंटच्या घरी, सुई टोचायला आठ दिवसांत शिकवू. पोरगं निघालंय. मला मात्र हे बाप्या माणसाचं काम वाटत नाही. दुसऱ्याची शी काढण्यात कसलं आलंय करिअर? काय करावं?

उत्तर :

नमस्कार.

आधी मुलाच्या त्या वाक्याबद्दल बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं.

आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलत असतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला ते जमत नाही. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, खांद्यांची पाती, अशा ठिकाणी हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दाबून राहते. तिथं रक्त पोचत नाही आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. वरून दिसतो फक्त लालसर डाग. त्यावर बोट दाबून सोडलं की डाग आधी फिका पडून मग परत लाल व्हायला हवा. तसा होत नसेल तर आत नुकसान सुरू झालेलं असतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तर लाली नीट दिसतही नाही. तिथं रोज अंघोळ घालताना हात लावून बघावं लागतं : जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक लागते का, काळपट झालीय का. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागं उशी लावून थोडं तिरकं ठेवायचं, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवायच्या. वर सरकवताना ओढायचं नाही, खाली घातलेल्या दुमडलेल्या चादरीनं दोघांनी उचलून घ्यायचं. ओल राहू द्यायची नाही. एअर बेड आणला तरी कूस बदलणं चुकत नाही.

चोळल्यानं तिथलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं. ट्यूबच्या कडा कातडी दाबतात आणि मधल्या भागाचं रक्त आणखी तुटतं. हे वाचून मुलाला पुन्हा वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. पण त्यानं हे वाचलंच पाहिजे. गावोगावी घराघरांत हेच केलं जातं, कारण दवाखान्यातून सोडताना औषधांची चिठ्ठी मिळते, कूस कशी बदलायची ते कुणी पलंगाशी उभं राहून करून दाखवत नाही. शरीर फार खंगलेलं असेल तर उत्तम काळजी घेऊनही जखम होते. त्यानं चौदा महिने जे केलं ते मायेनं केलं. त्याला माहिती कुणी दिली नव्हती, आणि त्याची चूक म्हणायची तर एवढीच आहे.

आता तोच मुलगा, तेवढ्याच माहितीवर, दुसऱ्या कुणाच्या वडिलांपाशी चोवीस तास एकटा बसणार आहे. म्हणून माझं स्पष्ट मत : त्याला या कामात जाऊ द्या, पण आत्ता आणि असा जाऊ देऊ नका.

मी हे इतक्या आग्रहानं सांगतो त्याला माझ्या घरचं कारण आहे. माझी आई शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. एका ब्युरोनं एकोणीस वर्षांची मुलगी पाठवली. मनानं फार चांगली. आईला तहान लागली म्हणून तिनं आडवं असतानाच चमच्यानं पाणी पाजलं. ठसका लागला, थांबला, आम्ही विसरलो. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पाणी फुप्फुसात गेल्यानं न्यूमोनिया झाला होता. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. त्या मुलीचं रडणं अजून माझ्या कानात आहे. तिला न शिकवता पाठवणाऱ्यांनी नंतर फोनही उचलला नाही.

पुढं ज्या मावशी आल्या त्या शिकलेल्या होत्या. पहिल्या जेवणाला त्यांनी आईला बसतं केलं, पाठीशी दोन उशा दिल्या, हनुवटी किंचित खाली आणली आणि स्वतः स्टूल घेऊन आईच्या डोळ्यांच्या पातळीला बसल्या. अर्धा चमचा भरायच्या. गळ्यावर गिळल्याची हालचाल दिसेपर्यंत दुसरा चमचा उचलायच्या नाहीत. मध्ये टीव्ही बंद. लुळ्या पडलेल्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, म्हणून जेवण झाल्यावर तोंड उघडायला लावून बघायच्या, साफ करायच्या, आणि मग अर्धा तास तसंच बसवून ठेवायच्या. पातळ पाण्यानं ठसका जास्त लागतो, घट्टसर पेजेनं कमी, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर मी समजत होतो की पाणी पाजणं सगळ्यात सोपं. आईला ऑक्सिजन लावलेला होता आणि आमचं देवघर त्याच खोलीत. मावशींनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “दादा, निरांजन दुसऱ्या खोलीत लावू या का?” आमच्या घरात कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. ऑक्सिजनजवळची एवढीशी ज्योत पलंग पेटवायला पुरते.

शिक्षण म्हणजे मी हे म्हणतोय. यात इंग्रजी फाडफाड बोलण्याचा काही संबंध नाही.

तुम्ही विचारता, बाप्या माणसाचं काम आहे का. तुमच्या वडिलांनाच आठवून बघा. परक्या बाईनं लंगोट बदलला असता तर त्यांना कसं वाटलं असतं? शहरात असे हजारो आजोबा आहेत, आणि शिकलेले, विश्वासाचे पुरुष मदतनीस मिळत नाहीत म्हणून घरची माणसं हैराण असतात. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं जवळपास दहा टक्के होती. पुण्या-मुंबईत कितीतरी घरांत मुलं परदेशी आणि मागं दोघं म्हातारी, अशी स्थिती आहे. काम कमी पडणार नाही.

आणि यात ताकद लागते, फक्त ती कशी लावायची ते माहीत असावं लागतं. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला लावायची, व्हीलचेअरचे ब्रेक आधी लावायचे, आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही, आणि पेशंटला अंगाजवळ घेऊन उठवायचं. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा सांध्यातून निसटतो. पेशंट कोसळायला लागला तर उचलून धरायच्या फंदात न पडता आपल्या पायाच्या आधारानं हळूच खाली बसवायचं. पंचविशीत कंबर गेलेली, या कामातली मुलं मी पाहिली आहेत. प्रत्येकाला वाटत होतं, मला काय, मी पोतं उचलतो.

आता ब्युरोच्या त्या ‘सुई आठ दिवसांत शिकवू’बद्दल. इथं मी सगळ्यात कडक बोलणार आहे. इंजेक्शन, सलाईन, नाकातली किंवा लघवीची नळी घालणं हे नोंदणीकृत नर्सचं काम आहे, आणि महाराष्ट्रात ती नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. मदतनिसाचं काम वेगळं आणि तेही कमी नाही. लघवीची पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली पण जमिनीला न टेकता ठेवणं, कूस बदलताना नळी दबली-ओढली जात नाही ना बघणं, पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणानं ४० ते ६० सेकंद हात धुणं, किती लघवी झाली आणि रंग कसा होता ते लिहून ठेवणं. गोळ्या द्यायच्या त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, नाव आणि वेळ वाचून. गिळता येत नाही म्हणून सगळ्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. आधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारायचं. एखादा डोस चुकला तर लपवायचा नाही, लगेच सांगायचं. न शिकलेल्या मुलानं सुई टोचली आणि काही वाईट झालं, तर ब्युरो ‘आम्ही सांगितलंच नव्हतं’ म्हणेल आणि पोलीस ठाण्यात तुमचा मुलगा बसेल.

सुई त्यानं टोचायची नसली तरी घरात वापरलेली सुई पडलेली असू शकते. म्हणून कामाला लागण्याआधी हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून लागणाऱ्या काविळीच्या लशीचे तीन डोस : पहिला, एक महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जायचं नाही. चुकून टोचलीच तर जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

धोक्याच्या खुणाही त्याला पाठ असायला हव्यात. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात वर न उचलणं, बोबडं बोलणं दिसलं की घड्याळ बघून वेळ लिहायची आणि १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं डॉक्टर पहिला प्रश्न ‘शेवटचे ठीक कधी होते?’ हाच विचारतात. मधुमेहाच्या पेशंटला दरदरून घाम येऊन तो भलतंच बोलायला लागला, म्हणजे त्याच्या रक्तातली साखर फार उतरली, आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नाही. अशा वेळी विचार करायला सवड नसते. म्हणून हे वाचून भागत नाही, सरावासाठीच्या माणसाएवढ्या बाहुल्यावर पुन्हा पुन्हा हातानं करावं लागतं.

कोर्सबद्दल. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ (रुग्णालयातला मदतनीस) आणि ‘होम हेल्थ एड’ (घरी पेशंट सांभाळणारा मदतनीस) हे दोन्ही राष्ट्रीय कौशल्य चौकटीतले, काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. फी भरण्याआधी तुम्ही दोघं जाऊन संस्था बघा. खरा हॉस्पिटलचा पलंग आहे का, बाहुला आहे का, प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम करायला मिळतं आणि कुठल्या, हे विचारा. मागच्या तुकडीतल्या एखाद्या मुलाशी बोला. वर्गात नुसता फळा आणि प्रोजेक्टर दिसला तर उठून या. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशी पाटी असेल तर आतच जाऊ नका. एएनएम हा सहायक नर्सचा कोर्स दोन वर्षांचा आहे पण तो मुलींसाठीच असतो. मुलांना जीएनएमचा, म्हणजे नोंदणीकृत नर्स होण्याच्या डिप्लोमाचा, तीन वर्षांचा रस्ता आहे. त्याला कला शाखा चालते, बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के लागतात, आणि मुलाला ५२ आहेत. एक-दोन वर्षं मदतनीस म्हणून काम करून हे आवडतंय असं नक्की झालं तर त्यानं तिकडं जावं, असं मला मनापासून वाटतं.

परदेशाचं आमिष दाखवणारे लवकरच भेटतील. जपानमध्ये या कामाला खरोखर माणसं हवी आहेत, पण आधी जपानी भाषेची आणि या कामाची परीक्षा द्यावी लागते. कुणी लाखांत पैसे मागितले तर लक्षात ठेवा, परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. परवाना केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर तपासता येतो.

कोर्स झाल्यावरही कामाच्या अटी लेखी घ्या. सुरुवातीला १२ तासांचीच ड्युटी धरा. चोवीस तासांत नीट झोप मिळत नाही, आणि पहाटे तीनला पेंगणाऱ्या हातून पेशंट पडतो. आठवड्याची सुट्टी, बँकेत पगार, ब्युरोचं कमिशन किती, सगळं कागदावर. मूळ आधार कार्ड आणि गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. पोलीस पडताळणी स्वतःहून करून घ्यावी, त्यानं विश्वास बसतो. पेशंटचं एटीएम आणि पिन हातात घ्यायचा नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी. पेशंटचा फोटो, रील काही नाही. बाई पेशंट असेल तर अंघोळ-कपड्याच्या कामाला नकार देण्याचा किंवा घरातली बाई सोबत हवी म्हणण्याचा त्याला हक्क आहे, आणि तेवढाच हक्क त्या बाईंनाही आहे. कपडा उघडण्याआधी, कूस बदलण्याआधी दर वेळी सांगायचं, “आजोबा, आता डाव्या कुशीवर घेतो हं.” पेशंट बोलू शकत नसला तरीही.

ब्युरोला आज एवढंच कळवा : कोर्स करून येतो, तेव्हा जागा असेल तर सांगा. मुलाला म्हणावं, संस्था बघायला जाताना उशाखालची ती वही सोबत घे. चांगला शिक्षक असेल तर प्रमाणपत्रांआधी तीच उघडून बघेल.