एकाच बाजूची गाठ

प्रश्न : ताई, माझी लेक साडेनऊ वर्षांची आहे. परवा वेणी घालताना माझं कोपर छातीला लागलं आणि ती कळवळली. पाहिलं तर डाव्या बाजूला गोटीएवढी घट्ट गाठ, उजवीकडे काहीच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टरांनी तपासलं, ‘वयात येतेय’ एवढंच म्हणाले. मला माझ्या आईनं काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा कुठेतरी लागलंय समजून मी कपडे लपवून ठेवले होते. लेकीवर ती वेळ येऊ नये. पण एवढ्याशा पोरीला काय आणि किती सांगायचं?

उत्तर : तुमची ती रात्र माझ्या ओळखीची आहे. थोरलीच्या वेळी मीही तिला दिवसातून दहादा चाचपायचे. शेवटी तीच वैतागली, “आई, पुरे ना, तू दाबतेस म्हणूनच जास्त दुखतंय.” तर आधी दाबणं थांबवा. मुलगी वयात येऊ लागल्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते, ८ ते १३ या वयात कधीही दिसते. एक बाजू आधी आणि दुसरी काही महिन्यांनी, हेही नेहमीचंच. आठ वर्षांच्या आत असं झालं असतं, तर मात्र मी तुम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं.

यानंतर पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. म्हणजे हाताशी वेळ आहे. मी तो एका लांबलचक भाषणात घालवला. गर्भाशयाचं चित्र काढलं, बीजांडकोश रंगवले, घसा कोरडा केला. सगळं ऐकून थोरलीनं विचारलं, “पण पॅडची चिकट बाजू वर की खाली?”

धाकटीच्या वेळी म्हणून पॅडच हातात दिलं. तिनं ते स्वतः चड्डीला चिकटवलं, सोललं, पुन्हा चिकटवलं. मग वाटीत रंगीत पाणी घेऊन आम्ही मोठ्या चमच्यानं त्यावर ओतलं. एका पाळीत रक्त जातं ते सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. “बस, एवढंच?” म्हणाली. तिच्या डोक्यात बादली होती!

आणखी एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. पहिला डाग लालभडक असेलच असं नाही, पुष्कळदा तो तपकिरी असतो. लाल रंगाची वाट पाहणारी मुलगी तो पाहून गोंधळते. त्याआधी सहा महिने-वर्षभर अंगावरून पांढरं जायला लागतं, तेही कानावर घालून ठेवा. दप्तरात दोन पॅड आणि एक चड्डी असू द्या. शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं, ते तिलाच ठरवू द्या. सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, त्याची धास्ती नको. पण सात दिवसांहून जास्त रक्त गेलं किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं, तर दाखवा.

किती सांगायचं? ती विचारेल तेवढं, पण खरं आणि खऱ्या शब्दांत. ‘तिथे’, ‘खाली’ असं न म्हणता योनी म्हणा. पहिल्यांदा माझीही जीभ अडखळली होती. मुलीची नाही अडखळली. उद्या तिथे काही दुखलं-खुपलं, कुणी हात लावला, तर सांगायला तिच्याकडे शब्द हवा ना?

हे सगळं सावकाश, दोन वर्षांत. आज रात्री मात्र एवढंच करा. गाठ चाचपताना तुमचा उतरलेला चेहरा तिनं पाहिलाय, आणि आपल्याला काहीतरी झालंय असं ती धरून बसली असेल. तिच्याजवळ आडव्या व्हा, हा आजार नाही हे सांगा. मग ते लपवलेले कपडे शेवटी कुणाला सापडले, तेही सांगा.