मलेशियातल्या लंकावी बेटावर, विमानतळावर भाड्याने गाडी घ्यावी का? भारतीय लायसन्स चालतं का?

तुम्ही चौघं जाताय, दोन ज्येष्ठ सोबत आहेत आणि तीन दिवस फिरायचंय असं प्रश्नात लिहिलंय. मग घ्याच गाडी. नुसतं पंताई चेनांगच्या किनाऱ्यावर पडून राहायचं असतं, तर नको म्हणालो असतो. विमानतळावरून तिथे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं, आणि मग गाडी हॉटेलच्या दारात ऊन खात बसते. पण तंजुंग ऱ्हूचा किनारा उत्तरेला, केबल कार पश्चिमेला, कुआह गाव पार आग्नेयेला. आईबाबांना घेऊन प्रत्येक वेळी टॅक्सीची वाट बघणं कंटाळवाणं होतं.

मी घोडबंदर रोडला राहतो, म्हणजे गाडी चालवणं या प्रकाराबद्दल मनात प्रेम उरलेलं नाही. तिथे ते परत आलं. मलेशियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. पहिला अर्धा तास मी नसलेल्या खड्ड्यांसाठी ब्रेक दाबत होतो. सांभाळायचं ते माकडांना आणि रस्त्याकडेच्या म्हशींना.

लायसन्सचं काम इथेच उरकून जा. आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) आपल्याच आरटीओतून मिळतो. सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, पासपोर्ट आणि तिकिटाच्या प्रती जोडायच्या. फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. एजंट लागत नाही. मला काउंटरवर तो कुणी मागितला नाही, आपलं साधं कार्ड बघून किल्ली दिली. म्हणून 'लागत नाही' असं सांगणारे भेटतील. पण गाडी ठोकली तर विम्यावाला काउंटरवाल्याइतका दिलदार नसतो.

विमानतळ लहान आहे. सामान घेऊन बाहेर आलात की भाड्याच्या गाड्यांचे काउंटर ओळीनेच आहेत, आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांसारखीच हाक मारून बोलावतात. घासाघीस चालते. बहुतेक वेळा पेरोडुआ या मलेशियन कंपनीची मायवी पुढे करतात. गाडी चांगली, पण चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा तिच्यात मावत नाहीत. त्याच कंपनीची बेझा मागा, तिची डिकी मोठी आहे. नंबरप्लेटवर सुरुवातीला 'केव्ही' दिसेल. लंकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे आणि इथल्या गाड्यांची ही वेगळी मालिका. आपलं एमएच-०४ असावं तसं.

आता जिथे मी फसलो ते. आमची अनामत होती १०० रिंगिट (तिथलं चलन), रोख दिली. परतीचं विमान सकाळी लवकरचं. काउंटरवाला म्हणाला, काळजी नको, गाडी पार्किंगमध्ये लावा, किल्ली आत ठेवा, फोटो पाठवा. मला ते फार सोयीचं वाटलं. सकाळी काउंटर बंद. अनामतीचं विचारलं तर मेसेज आला, 'बँक खात्याचा नंबर द्या.' मलेशियातल्या बँकेचा! तो माझ्याकडे कुठून असणार? पुढे मेसेज जात राहिले, उत्तरं येणं थांबलं. बायको अजून त्या अनामतीला 'तुझं लंकावीतलं फिक्स डिपॉझिट' म्हणते. तेव्हा विमान पहाटेचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच परत करा आणि अनामत हातात घ्या. नाहीतर अनामत न मागणारा काउंटर शोधा, दिवसाला पाच-दहा रिंगिट जास्त गेले तरी.

किल्ली घेतल्यावर गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओरखडे, चाकांच्या रिमा, स्टेपनी, आणि शेवटी डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा. भाड्याचा दिवस २४ तासांचा धरतात, म्हणून पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. सकाळी अकराला घेतलेली गाडी दुपारी दोनला दिली तर जादाचे किती, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पेट्रोलबद्दल सांगतो, कारण तिथे माझी फजिती झाली. पंपावर गाडी लावून मी काच खाली केली आणि वाट बघत बसलो. कुणी येईना. मागच्या गाडीतला माणूस उतरून आला आणि हसत दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे आधी आत जाऊन पंपाचा नंबर सांगायचा, पैसे भरायचे, मग बाहेर येऊन नळी स्वतःच लावायची. भरलेल्या पैशांपेक्षा कमी पेट्रोल मावलं तर उरलेले आत परत मिळतात. गाडी जेवढ्या काट्यावर मिळाली तेवढ्याच काट्यावर द्यायची असते, आणि ती बहुधा तळाला टेकलेली मिळते. मी हौसेने अर्धी टाकी भरली. शेवटच्या दिवशी त्यातलं बरंच शिल्लक होतं, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.